व्हडली दिवाळी, चंद्रास्त आणि किंग्जफर्ड स्मिथचं चाक : यंदाची प्रगती

मंडळी, खूप दिवसांनी लिहितोय, मध्ये गणपतीची चवथ, मग घराचं प्लास्टरिंग, मग ऑफिसची कटकट, पण काम अगदीच बंद नव्हतं. नव्याने आलेल्यांसाठी पटकन सांगतो. माझा विषय म्हणजे सर चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ, स्मिदी म्हणायचे त्याला. १९२८ साली पॅसिफिक पहिल्यांदा विमानाने ओलांडणारा तोच. १९३५ मध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया रेकॉर्ड मोडायला तो टॉमी पेथीब्रिजला घेऊन निघाला, लॉकहीड अल्टेअर विमान, नाव लेडी सदर्न क्रॉस. अलाहाबादहून रात्री सिंगापूरकडे झेपावले आणि ८ नोव्हेंबरच्या पहाटेआधी कधीतरी अंदमान समुद्रावर गायब. दीडएक वर्षाने, १९३७ मध्ये, ब्रह्मदेशच्या मच्छीमारांना आये बेटावर विमानाच्या चाकाचा एक पाय (चाक ज्याला बसवतात तो दांडा) वाहून आलेला मिळाला, चाकासकट, आणि टायरमध्ये हवा तशीच भरलेली! लॉकहीडने तो याच विमानाचा म्हणून ओळखला. बस्स. तेवढंच मिळालं, बाकी काही नाही.

(विमानासकट अशीच गायब झालेल्या एमेलिया इअरहार्टवर का नाही असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. अहो तिच्यामागे अख्खी दुनिया लागलीय, आमच्या स्मिदीला कोण विचारतो.)

आता मुख्य गोष्ट. गंमत काय झाली, नकाशावर बोट फिरवताना लक्षात आलं की आये बेट आणि आपला गोवा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पंधरा अंशाच्या थोडं वर, फक्त मध्ये चोवीसएक रेखांशांचं अंतर. दोन्ही किनारे पश्चिमेकडे तोंड करून, दोन्हींवर नैऋत्येचा पाऊस धो धो. मग स्टेलॅरियममध्ये (कुठल्याही रात्रीचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) ती रात्र टाकली तर तिथी निघाली कार्तिक शुद्ध द्वादशी! म्हणजे इथे गोव्यात लोक तुळशीला ऊस-आवळे लावून व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, करत होते त्याच रात्री तो बिचारा तिकडे उडत होता. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पायलटला किनारा दिसत होता का हे चंद्र कधी बुडाला यावर ठरतं, आणि मागच्या वेळी त्या चंद्रास्ताच्या वेळेत मी घोळ घातला होता ते कबूल करतो. पणजीची वेळ काढली आणि तीच तिकडे चिकटवली. त्या काळात रंगूनचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे, आपला स्टँडर्ड टाइम साडेपाच, आणि कलकत्ता तर स्वतःचा वेगळाच टाइम लावून बसलेलं, स्टँडर्डच्या सुमारे २४ मिनिटं पुढे. त्यामुळे जुन्या बातमीत "दीड वाजता" दिसलं की आधी विचारायचं, कोणाचे दीड? आता दुरुस्त केलंय. आये बेटाजवळ त्या रात्री चंद्र बुडाला तो ब्रह्मी वेळेने पावणेचारच्या आसपास, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे धरा. म्हणजे पहाटेआधीच्या तासांत चंद्र होता, पण पश्चिमेला खाली खाली जाणारा.

मग म्हटलं कागदावर किती दिवस, बघूनच येऊ. यंदा तुळशीचं लग्न लावलं, पोहे खाल्ले, आणि रात्री दोनला शाणूला स्कूटरवर मागे बसवून मोरजीला गेलो. मोरजीच का, तर किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेलं की उजव्या हाताला समुद्र आणि मावळता चंद्र, आणि समोर नदीपलीकडे शापोराच्या किल्ल्याची टेकडी. ब्रह्मदेशचा किनारा धरून दक्षिणेला जाणाऱ्या पायलटला थोडंफार असंच दिसणार, फक्त आम्ही चपला हातात घेऊन वाळूतून चालत होतो आणि तो ताशी दोनशे मैलांच्या आसपास. तेंबाकडे, म्हणजे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, पोचलो तर कासवांच्या घरट्यांची राखण करणारा टॉर्च मारत आला. "हांगा कितें करतात रे?" शाणू म्हणाला, "चंद्र बुडटा तो पळयतात" (बुडतोय तो बघतोय). त्याने आमचा वास घेतला, दारू नाही म्हटल्यावर आणखीच संशय आला त्याला. शेवटी त्याला सगळी स्टोरी सांगितली, तर तो तिथेच बसला आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबर थांबला.

काय दिसलं ते लिहितो. चंद्र वीतभर वर होता तोवर टेकडी झक्क ओळखता येत होती. नंतर तो लालसर झाला, आणि पाण्यावरचा चकाकता पट्टा डोळ्यांत इतका भरतो की डावीकडे, जमिनीच्या बाजूला बघितलं तर काहीच दिसत नाही, डोळे सरावायला वेळ लागतो. मध्येच एक ढग आला तेव्हा तर समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं हेच गेलं. आणि हे एवढ्याशा ढगाने, तिथे तर वादळ होतं. आये बेटावरच ते विमान धडकलं असा एक तर्क पूर्वीपासून आहे, मला तो ओढूनताणून वाटायचा, आता तेवढा वाटत नाही. अर्थात आमच्या समोर ट्रॉलरचे दिवे आणि वागातोरचा उजेड होता, त्याच्यासमोर काळोखच असणार, त्यामुळे हा प्रयोग काही पक्का नव्हे.

दुसरं म्हणजे जिमी मेलरोजची साक्ष. तोही त्याच रात्री वेगळ्या विमानातून त्या बाजूने जात होता. त्याने सांगितलं की किनाऱ्यापासून १५० मैलांवर, समुद्रापासून फक्त २०० फुटांवर लेडी सदर्न क्रॉस वादळाशी झगडताना दिसलं, एक्झॉस्टमधून आग येत होती. आता आये बेट किनाऱ्यापासून जेमतेम ३ किलोमीटर. दोन्ही एकाच वेळी कसं बसवायचं? मी अलाहाबाद ते सिंगापूर सरळ रेषा ओढून बघितली, बेट त्या रेषेच्या पाचएकशे किलोमीटर पूर्वेला येतं. म्हणजे चाक जर विमानाजवळच वर आलं असेल तर स्मिदी सरळ न जाता किनारा धरून चालला होता, आणि मेलरोजने बघितलं ते दुसरंच काहीतरी, एखादा तारा किंवा बोटीचा दिवा. मेलरोज खोटं बोलला असं मी म्हणत नाही हां. रात्री दोन वाजता एकट्याने विमान चालवणाऱ्याला काय काय दिसेल सांगता येत नाही, मला मोरजीला शाणूची सावली दोनदा कुत्रा वाटली.

उलट बाजू अशी की चाक लांबून वाहत आलं असेल तर? इथेच माझा सगळा वेळ गेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या समुद्रात वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. ८ नोव्हेंबरलाच चाक सुटून तरंगायला लागलं असतं तर ते ब्रह्मदेशापासून लांब ढकललं गेलं असतं असं मला वाटतं. मे महिन्याच्या सुमारास वारा फिरतो. शिवाय अल्टेअरची चाकं उडताना पंखात घडी होऊन बसतात, उघडी नसतात, म्हणजे पाय सुटायला पंखच मोडायला पाहिजे किंवा खाऱ्या पाण्यात सांधे कुजायला पाहिजेत. वनस्पती तपासणाऱ्यांनी पायाला चिकटलेल्या शेवाळावरून विमान बेटाजवळच सुमारे १५ फॅदम, म्हणजे २७ मीटर पाण्यात असावं असा अंदाज केला होता. माझा कल त्यांच्याकडे आहे. विमान जवळच बुडालं, पावसाळाभर खाली राहिलं, मग हळूहळू पाय सुटला आणि हवेच्या टायरने त्याला वर आणलं.

हे तपासायला स्कूटरचं जुनं चाक घेतलं, मापाला लोखंडी पाइप बांधला, आधी घरच्या विहिरीत सोडून बघितलं. पाइप लहान होता तेव्हा टुपकन वर, मोठा केला तर गेलं तळाला, बाबा वरून ओरडतायत की पिण्याचं पाणी आहे ते. मग एक चाक शापोराच्या जेटीजवळ ओळखीच्या होडीवाल्याच्या खांबाला पाण्याखाली टांगलं. तीन महिन्यांत त्यावर बार्नॅकलचा जाड थर, खडकांना आणि होड्यांना चिकटणारे ते कवचाचे समुद्री जीव, टोपीसारखे कडक असतात ते, हात कापून घेतला मी. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेल्या थर्माकोलवर मात्र वेगळेच मिळतात, देठ असलेले, लोंबणारे, ते तरंगत्या वस्तूंवर वाढतात. म्हणजे स्मिदीच्या चाकावर बार्नॅकल असलेच तर कुठल्या जातीचे होते हे कळलं तर ते बुडून होतं की तरंगत होतं याचा निकाल लागू शकतो. तो पाय सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियमच्या संग्रहात आहे, कोणी तिकडे जाणार असेल तर जवळून फोटो काढाच, लांबून नको, देठ दिसले पाहिजेत.

माझा प्रयोग पुढे फसला. पाऊस सुरू झाल्यावर नदीचं पाणी जवळपास गोडं होतं, बार्नॅकल मेले, आणि जुलैत दोरी तुटून चाकच गेलं. चूक माझीच, नदीच्या तोंडावर टांगायलाच नको होतं.

बाकी, बाबांना या सगळ्याचं फारसं कौतुक नाही. ते पोर्तुगीजात सेगुंद ग्रावपर्यंत शाळा शिकलेले, त्यांच्यासाठी विमानवीर म्हणजे गागो कोतिन्यू आणि साकादुरा काब्राल, १९२२ ला दक्षिण अटलांटिक ओलांडलेले, ते पण तीन विमानं वापरून. साकादुराही १५ नोव्हेंबर १९२४ ला अॅमस्टरडॅमहून लिस्बनला जाताना उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) गायब झाला, मेकॅनिकसकट. "आमच्यावर लिही की कधीतरी," म्हणतात. लिहीन.

सध्या दुसरं चाक तयार आहे, यावेळी नायलॉनची जाड दोरी, आणि बेतूलच्या एका खारव्याशी (मच्छीमाराशी) बोलणं झालंय, तो बाहेर खऱ्या खाऱ्या पाण्यात आपल्या जाळ्याच्या नांगराला बांधू देतो म्हणालाय. फक्त ते चाक बायकोच्या स्कूटरचं स्टेपनी आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.