कॅसेट भरून मिळेल

माझ्या दुकानाची पाटी चौतीस-पस्तीस वर्षांत चारदा रंगवली. आधी 'कॅसेट भरून मिळेल', मग 'सीडी राइट करून मिळेल', मग 'मेमरी कार्ड भरून मिळेल' आणि आता 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म'. धंदा तोच. एकाचं घ्यायचं, नक्कल काढायची, दुसऱ्याला द्यायची. बायको म्हणते, एवढी कॉपी करायची हौस होती तर दहावीला तरी करायची, फर्स्ट क्लास मिळाला असता.

आज लिहायला बसलो ते पुतणीमुळं. 2019 च्या पुरात आमच्या सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा हरभट रोडच्या बोळातलं आमचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. ज्यावरनं नकला काढायचो त्या सातशे-आठशे मास्टर कॅसेट गेल्या. गाळ बसलेली टेप कधी बघितलीय का? केस विंचरल्यासारखी बोटांनी सोडवावी लागते आणि हातात येते ती नुसती पारदर्शक फीत, वरची तपकिरी पूड पाण्याबरोबर गेलेली. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या तेवढ्या 11 वाचल्या. त्यातली एक तासगाव भागातल्या एका भजनी बुवांची. पुतणीनं ती लॅपटॉपवर घेतली, खरखर कमी केली आणि गेल्या आषाढात यूट्यूबवर चढवली. फोटो म्हणून विठोबा.

दुसऱ्या दिवशी तिला सूचना आली. या ध्वनिमुद्रणावर एका कंपनीचा हक्क आहे. व्हिडिओ राहील, पण त्यावर जाहिराती लागतील आणि त्याचे पैसे कंपनीला जातील. पुतणी चिडली. मी तिच्याहून जास्त चिडलो. ती माझ्याकडं बघून हसायला लागली, म्हणाली, "काका, तुम्ही?"

बरोबर आहे तिचं. ती कॅसेट मी किमान तीनशे वेळा भरून विकली असेन.

बुवांचं सांगतो. कॅसेट 1991 सालची. वर्षभरात बुवा स्वतः दुकानात आले. धोतर, काळी टोपी, खांद्याला झोळी. "आमची कॅसेट मिळती काय तुमच्याकडं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मिळती की! भरून देतो." कंपनीनं त्यांना एकदाच 2,000 रुपये आणि 10 कॅसेट दिल्या होत्या. त्या 10 जावयांत, व्याह्यांत वाटून संपल्या. आता दिंडीतल्या माणसांना द्यायला त्यांना 5 पाहिजे होत्या. मी डबल डेकवर, म्हणजे एका कॅसेटवरनं दुसरीवर उतरवायच्या यंत्रावर, त्यांचाच आवाज दुप्पट वेगानं पळवत पाच वेळा उतरवला. त्या वेगात आवाज चिमणीसारखा येतो. बुवा बाकावर बसून स्वतःचा चिमणीचा आवाज ऐकत होते. कोरी कॅसेट 22 आणि भरण्याचे 15, पाचाचे झाले 185. मी 5 रुपये सोडले, आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता.

जाताना त्यांनी विचारलं, "पावती मिळंल काय?" आमच्याकडं पावतीपुस्तक नव्हतं. कसं असणार? कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 प्रमाणं हा धंदा 6 महिने ते 3 वर्षं तुरुंगाचा होता. स्वतःच्या ऐकण्यापुरतं घरी केलं तर कायद्यात थोडी सवलत, पण पाटी लावून विकणं म्हणजे सरळ चोरी. तेव्हा आम्हाला ती सेवा वाटायची.

पुतणीच्या प्रकरणानंतर मी वाचत बसलो की जगात इतर ठिकाणी या भरण्याचं काय केलं. उत्तर होतं लेव्ही, म्हणजे कायद्यानं ठरवलेली सक्तीची वसुली. आता लेव्ही म्हटलं की आमच्या भागात साखर आठवते. कारखान्यानं ठरावीक साखर सरकारला ठरावीक भावानं द्यायची, ती रेशनला जायची. 2013 पर्यंत चाललं ते. पण गाण्यांची लेव्ही वेगळी, आणि तिची सुरुवात जर्मनीतली, वाचण्यासारखी आहे.

तिथं पन्नाशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले. गेमा ही संगीतकारांची संस्था कोर्टात गेली आणि 1955 साली जिंकली: घरात बसून केलेली नक्कलसुद्धा रचनाकाराच्या परवानगीशिवाय नाही. जिंकली खरी, पण वसुली कुणाकडनं करायची? म्हणून संस्थेनं मागणी केली की टेपरेकॉर्डर विकताना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघावं आणि नाव-पत्ता आम्हाला कळवावा. 1964 साली तिथल्या सर्वोच्च कोर्टानं नाही म्हटलं. माणसाच्या घरात डोकावता येणार नाही. मग 1965 च्या कायद्यानं मधला रस्ता काढला. घरात काय चाललंय ते बघायचंच नाही. यंत्र बनवणाऱ्याकडनंच त्याच्या विक्रीच्या किमतीवर जास्तीत जास्त 5 टक्के घ्यायचे आणि संस्थांमार्फत कलावंतांत वाटायचे. 1985 ला ही पट्टी कोऱ्या कॅसेटवर आली आणि झेरॉक्सच्या यंत्रावरही. एवढंच नाही, गल्ल्यावर बसलेल्या झेरॉक्सवाल्याकडनंही वेगळी. म्हणजे माझ्या पाटीच्या चारही रंगांची सोय जर्मनांनी करून ठेवली होती.

माझा डेक 7,800 ला आला होता. 1965 च्या त्या 5 टक्क्यांच्या हिशेबानं, कंपनीच्या किमतीवर धरून, तीन-साडेतीनशे रुपये आत गेले असते. मी दिले असते. खरंच दिले असते, चोर म्हणवून घेण्यापेक्षा स्वस्त. भारतात मात्र अशी लेव्ही कधी आलीच नाही.

हे वाचून आधी वाटलं, किती सरळ उपाय! मग आठवला कवलापूरचा एक माणूस. तो दर महिन्याला 90 मिनिटांच्या दोन कोऱ्या कॅसेट न्यायचा, भरून घ्यायचाच नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, आईच्या जात्यावरच्या ओव्या घेतोय, ती आता थकलीय. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारक्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. तो माझ्यासमोरच पिनेनं टिकल्या मोडायचा, घरी कुणी चुकून वर सिनेमाची गाणी घेऊ नये म्हणून. (आम्ही दुकानदार उलटं करायचो, कंपनीच्या न खपलेल्या कॅसेटच्या मोडलेल्या टिकलीवर सेलोटेप लावून ती कोरी म्हणून वापरायचो.) लेव्ही असती तर या माणसानंही दिली असती. आईच्या ओव्यांसाठी मुंबईच्या गाण्यांचे पैसे. कॅनडात प्रत्येक कोऱ्या सीडीवर 29 सेंट घेतात. त्या सीडीवर गाणी भरा नाहीतर लग्नाचे फोटो. तिथं हीच लेव्ही आयपॉडवर लावायला गेले, तर 2004 साली कोर्टानं सांगितलं की कायद्यात तसं बसत नाही. गाणी कॅसेटमधनं फोनमध्ये गेली, आणि लेव्ही तिथंच कोऱ्या सीडीपाशी ताटकळत उभी.

आणि वाटपाचं काय? संस्था पैसे वाटणार ते कशाच्या हिशेबानं? रेडिओवर काय वाजलं, दुकानात काय खपलं. बुवा रेडिओवर नव्हते, खपले ते माझ्या गल्ल्यात, ज्याची पावती नाही. ज्याचं आधीच वाजतंय त्याच्याच ताटात आणखी वाढायचं, असा तो हिशेब झाला असता.

आमच्या वडिलांकडं रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं. वर्षाला पोस्टात 15 रुपये भरायचे. ती लायसन्स ऐंशीच्या दशकात गेली, आणि तोवर विविध भारतीवर (1967) आणि दूरदर्शनवर (1976) जाहिराती येऊन बसल्या होत्या. वडील खूश, 15 रुपये वाचले. ते वाचले नव्हते, पोस्टाच्या खिडकीतनं उठून साबणाच्या वडीत गेले होते. जाहिरातीचा खर्च कंपनी कुठनं काढणार? जतकडच्या एखाद्या म्हातारीकडं फोन नाही, नेट नाही, ती वाण्याकडनं साबण घेते, आणि मी दुकानात बसून फुकट बघतो त्या व्हिडिओचा बारीकसा हिस्सा ती देते. कवलापूरच्या माणसाची कोरी कॅसेट आणि या म्हातारीचा साबण, मला काही फार फरक दिसत नाही. जर्मनीच्या लेव्हीचा दर निदान कायद्यात छापलेला होता.

इंटरनेटवर तर तो दर पान उघडताना ठरतो. तुम्ही बोट टेकवलं आणि पान दिसेपर्यंतच्या क्षणात तुमच्यासमोरच्या त्या चौकोनी जागेचा लिलाव होऊन जातो. मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलेल्याला हे नवीन नाही. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसायचा. इथं हळद आपणच, आणि रुमालही दिसत नाही. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के बनवणाऱ्याला देतं, पण त्यासाठी आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघितलं गेलेलं पाहिजे. गुगलचं अ‍ॅडसेन्स (आपल्या पानावर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी सोय) मराठी पानांसाठी 2018 साली खुलं झालं. मीही माझ्या या लिखाणाला जोडलं. 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. माझे तीन वर्षांत 41 झालेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सरकारनंही यात एक लेव्ही आणून बघितली. 2016 पासून परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीचे वर्षाला लाखावर पैसे देणाऱ्या धंदेवाल्यानं 6 टक्के कापून सरकारात भरायचे. लोक 'गुगल टॅक्स' म्हणायचे. विश्रामबागेतल्या आमच्या एका शोरूमवाल्या मित्राला सीएनं सांगितलं, काप. त्यानं कापले, तर समोरच्या कंपनीला पूर्ण बिल पाहिजे. शेवटी 6 टक्के यानंच खिशातनं घातले आणि सोफासेटच्या किमतीत चढवले. 1 एप्रिल 2025 पासून ती लेव्ही गेली. सोफासेट स्वस्त झाल्याचं ऐकलं नाही.

जाहिरातीला मी सरसकट शिव्या देत नाही, आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसानं देऊही नयेत. किर्लोस्करवाडी इथनं तासाभरावर. लोखंडी नांगर जमिनीला विष चढवतो अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकायचा होता. 1920 साली त्यांच्याच घरातल्या शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं, मालाचं पत्रक म्हणून. म्हणजे जाहिरातच. तेच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 ला 'स्त्री' आलं, 1934 ला 'मनोहर'. आमच्या आजीनं अंधश्रद्धेवरचे, विधवांच्या प्रश्नावरचे लेख त्यात वाचले. नांगराच्या पैशानं आजीला विचार करायला शिकवलं असं मी म्हणतो तेव्हा पुतणी डोळे फिरवते, पण आहे ते आहे. फरक एवढाच की नांगरवाल्याला आजी कोण, ती कुठलं पान किती वेळ वाचते, हे माहीत नव्हतं. त्याला अंदाजानं चांगलं छापावं लागायचं.

असो. बुवांकडं वळतो. अभंग तुकोबांचा, तो सगळ्यांचा. चाल परंपरेची. पण 1991 चं ते ध्वनिमुद्रण कायद्यानं 60 वर्षं कंपनीचं, म्हणजे 2051 च्या अखेरपर्यंत. गाणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात आला तो 1994 च्या दुरुस्तीनं, बुवांच्या कॅसेटनंतर. यूट्यूबचं यंत्र आवाजाचा ठसा जुळवतं आणि मालकाला विचारतं: अडवायचं, नुसतं मोजायचं, की जाहिरात लावायची? त्या ठशात बुवांचा गळा आहे, नाव कंपनीचं. त्यातनं कंपनीला जे मिळालं असेल ते पाच-पन्नास रुपयांच्या पलीकडं नसेल. पण मी 1991 पासून घेतले ते धरले तर माझा आकडा कंपनीहून मोठा निघेल, आणि माझ्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

बुवा जाऊन बारा वर्षं झाली. पुतणीनं व्हिडिओखाली आलेल्या एका ओळीवरनं त्यांचा मुलगा शोधून काढला. रविवारी दोघं गेलो. द्राक्षबागेत काम चाललेलं, मुलगा हात धुऊन आला. सगळं समजावून सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "मग आमाला काय मिळतं का त्यातलं?" मी म्हणालो, नाही. "बरं," म्हणाला, आणि चहा सांगितला. मी पेनड्राइव्ह आणला होता, तो घेताना त्यानं खिशात हात घातला. "किती झालं?" मी 180 रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याला काही कळेना. सांगायला गेलो आणि माझंच मला ते फार नाटकी वाटलं. म्हटलं, बुवांचे राहिले होते.

तेवढ्यात आत म्हातारीला कळलं की बुवांचं भजन फोनवर लागतंय. ती येऊन सोप्यात बसली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. पुतणीनं फोन तिच्यासमोर धरला. आधी ठिबकच्या पाइपची जाहिरात लागली. पुतणी वगळायचं बटण शोधत होती, ते यायला अजून वेळ होता. म्हातारी हात जोडून, डोळे मिटून पाइपचं सगळं ऐकत बसली होती.