क्लॉहॅमर बॅन्जो : घरगुती बैठकीनंतर बदललेला रियाज

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ‘जून अ‍ॅपल’ या धुनेचा पहिला भाग हातात बसला, दुसरा लंगडतोय. तो अजून लंगडतोच आहे. पण गेल्या शनिवारी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमजवळ एका घरी फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बॅन्जोची बैठक ऐकली आणि रियाजाचा क्रमच बदलून टाकला, त्यामुळे ही नोंद जरा लांबणार.

सोफा भिंतीला सरकवलेला, घडीच्या खुर्च्या, जेमतेम पंचवीस-तीस माणसं. दाराशी एक बरणी, तिच्यात पडेल ते सगळं वादकांचं. माईक नाही, स्पीकर नाही. प्रत्येकाने काही ना काही खायला आणायचं होतं. मी भडंग नेलं होतं, ते मध्यंतराच्या आतच संपलं (दाणे आधी वेचून खाणारे लोक इथेही आहेत). जागा मात्र मी हेरून धरली : बॅन्जोवाल्याच्या उजव्या हातासमोर, हातभर अंतरावर.

क्लॉहॅमर या वादनपद्धतीचा मूळ ठोका आपल्याला पाठ आहे. तर्जनीच्या नखाने वरून खाली आघात, त्याच झोक्यात अंगठा पाचव्या आखूड तारेवर टेकलेला, आणि हात उचलताना तिचा टणत्कार. बम्-डिटी, बम्-डिटी. व्हिडिओत आपण डाव्या हाताची बोटं बघत बसतो. समोर बसल्यावर नजर गेली ती अंगठ्याकडे. धून फिडल वाजवतच होतं. बॅन्जोने तिच्यातले निम्मे स्वर सोडून दिले होते. पण फिडलचा गज जिथे वळत होता, नेमका तिथे अंगठा पडत होता. गजाचा साधा शफल म्हणजेही एक लांब, दोन आखूड, म्हणजे बम्-डिटीचंच माप. दोन्ही वाद्यं एकाच हाताने वाजताहेत असं वाटायला लावणारी जागा ती. स्वर कमी पडले तरी चालतात, तेवढी जागा चुकून चालत नाही.

बॅन्जो बिनपडद्यांचा होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या माउंट एअरीच्या परिसरातली जी राउंड पीक शैली, तिच्यात असे बॅन्जो बरेच दिसतात. त्याचा खरा फायदा एका उदास धुनेत कळला. फिडलवाल्या बाईंचा गंधार ना कोमल ना शुद्ध, दोघांच्या मधला, आणि बॅन्जोचं बोट घसरत जाऊन बरोबर तिथेच थांबलं. पडद्यांच्या बॅन्जोवर एवढं सहज ते जमणं कठीण. आपल्याकडे श्रुतींवरून ज्यांची भांडणं होतात, त्यांना इथे आणून बसवायला हवं.

त्याची किंमतही आहे. फिडलच्या चार तारा नेहमीच्या जी-डी-ए-ई या स्वरांवरून ए-ई-ए-ई मध्ये नेल्या, म्हणजे खालच्या दोन तारा एकेक स्वर वर. बॅन्जोवाल्यालाही पाचही तारा चढवाव्या लागल्या, कारण पडदेच नसल्यावर कॅपोचा (दांड्यावर लावून तारांचा सूर चढवणाऱ्या चिमट्याचा) फारसा उपयोग नसतो. एकदा ‘ए’मध्ये गेले की सलग चार-पाच धुना ‘ए’मध्येच. प्रत्येक धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, आणि हे चक्र कितीतरी वेळा. मधे कुणाचं एकट्याचं वादन नाही, ताना नाहीत. थांबायचं झालं की फिडलवाल्या बाई पाय उचलत, ते आवर्तन पुरं होऊन धून थांबे. नवख्या माणसाला हे एकसुरी वाटेल. मला पाचव्या-सहाव्या फेरीनंतरच त्यात मजा येऊ लागते.

घरात बसून ऐकणं हे काही हल्लीचं फॅड नव्हे. माउंट एअरीजवळच्या टोस्ट गावातले टॉमी जॅरेल (1901–1985) महामार्ग खात्यात रस्ता सपाट करणारं यंत्र चालवत. ते 1966 मध्ये निवृत्त झाल्यावर दूरदूरची तरुण पोरं त्यांच्या घरी येऊन राहत, जेवत, वाजवत. 1982 मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांसाठीचा अमेरिकी राष्ट्रीय सन्मान मिळाला. आणि आमच्या या बैठकीपासून जवळच मेबेन. तिथले कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन (1918–2012) यांच्या घरी जाऊन जाऊन कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या बँडची मंडळी शिकली. बॅन्जो मुळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या स्मृतीतलं वाद्य. भोपळा, कातडं आणि तीच आखूड तार. हे सांगितल्याशिवाय या संगीताबद्दल बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं, असं माझं ठाम मत आहे.

आता रियाज. डाव्या हाताला सध्या सुट्टी. फिडलच्या रेकॉर्डिंगचा वेग कमी करून त्याच्यावर फक्त उजवा हात, तोही तारा हलक्या दाबून, म्हणजे स्वर ऐकू न येता नुसता ठोका ऐकू येईल. दोन भाग त्या ठोक्यावर घट्ट बसले की मग स्वर, आधी अगदी मोजके. ‘जून अ‍ॅपल’मधला कोमल निषाद तेवढा सोडायचा नाही, बाकी सगळे शुद्ध, त्यामुळे तोच तर या धुनेचा चेहरा. कातड्याच्या मागे, दांड्याच्या टोकाशी, एक जुना मोजा कोंबलाय. आवाजाची घंटी बरीच कमी झाली, शेजाऱ्यांचीही तक्रार नाही.

दुसरं काम सुताराचं. पाचवी तार जी वरून ए वर न्यायला दर वेळी खुंटी पिळणं जिवावर येतं, तुटायची भीती वेगळी. सातव्या पडद्यापाशी खेळण्यातल्या रेल्वे रुळांचा बारीक खिळा ठोकतात, त्याखाली तार अडकवली की झालं. खिळे मागवलेत. ड्रिलची पाती केसासारखी बारीक लागते, आणि खिळ्याचं डोकं तारेच्या बाहेरच्या अंगाला ठेवायचं की आतल्या, यावर दोन मतं ऐकली. कुणी स्वतः ठोकला असेल तर फोटो टाका, मी त्याआधी दांड्याला हात लावत नाही. आणि जूनच्या सुरुवातीला माउंट एअरीच्या फिडलर्स कन्व्हेन्शनला, म्हणजे फिडल-बॅन्जोवाल्यांच्या मेळाव्याला, कोण येतंय तेही कळवा. तंबू मोठा आहे, तिघांची सोय होईल.