छातीपर्यंत पाणी

ठाण्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणासमोरही ‘२६ जुलै’ एवढंच म्हणा आणि खुर्ची ओढून बसा. २००५चा तो पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. हा आकडा कागदावर आहे, तो हलत नाही. माणसं ज्या पाण्यातून चालली, ते मात्र चढतच असतं.

नौपाड्यातल्या माझ्या मावशीचं पाणी आधी गुडघ्याला होतं, मग कमरेला आलं. गेल्या गणपतीत मोदकाला कळ्या पाडता पाडता तिने ते छातीपर्यंत नेलं. पर्स डोक्यावर, चपला हातात, शेजारून वाहत गेलेली म्हैस आणि मुलुंड चेकनाक्यापासून सोबत काका. काका त्या दिवशी नाशिकला होते. ते तसं म्हणालेही. “अहो, तुम्हाला काही आठवत नाही,” एवढ्यावर विषय संपला.

मावशी खोटं बोलत नाही, हीच तर गंमत! खोटं बोलणारा कुठेतरी चाचरतो तरी. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर ४४ पैकी ११ जणांचं काहीच जुळेना. खात्री मात्र भरभक्कम. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पुढे ठेवला, तरी जुनी आठवण काही परत आली नाही.

आठवताना मेंदू प्रसंग दरवेळी नव्याने जुळवतो. जिथे भोक असेल तिथे ऐकलेलं, पाहिलेलं, शोभेलसं काहीतरी बसवतो आणि पुढच्या खेपेला तेच मूळ म्हणून हाती येतं. म्हैस बहुधा टीव्हीवरची असावी. तिखटमीठ आपण लोकांसाठी लावतो असं वाटतं, पण पहिला घास आपल्याच पोटात जातो.

मावसभाऊ तेव्हा दीड वर्षाचा. त्यालाही खिडकीतली मेणबत्ती ‘स्पष्ट’ आठवते. एवढ्या लहानपणचं मोठेपणी सहसा उरत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांना ‘लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास’ अशी बनावट हकीकत दिली होती. साधारण पाव जणांना ती थोडीफार तरी आठवू लागली. आमच्याकडे तर दर पावसाळ्याला उजळणी!

यंदा मावशीच्या गोष्टीत मेणबत्तीही आली. ही कुठून आली, म्हणून विचारलं, तर भावाकडे बोट दाखवून म्हणाली, “याला विचार ना. त्याला सगळं आठवतंय.”