परतीची वेळ

"म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सच ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी येतो. नाही. आमच्या गाडीला सायरन नाही, टपावर दिवा नाही, आत ऑक्सिजन नाही. मागचं दार उघडलं की रॅम्प खाली येतो, त्यावरून चाकाची खुर्ची माणसासकट आत जाते. खुर्चीला पुढून दोन आणि मागून दोन असे चार पट्टे. त्यांचे हुक खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचे, चाकाला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला कधीच नाही, आणि माणसाचा पट्टा वेगळा. एवढीच आमची यंत्रसामग्री. बाकी सगळं पुण्यातले खड्डे आणि स्पीडब्रेकर पाठ असण्यावर चालतं.

गाडी एका धर्मादाय ट्रस्टची आहे. म्हातारी माणसं, पॅरालिसिसचे पेशंट, चालता न येणारे तरुण, यांना दवाखान्यात, बँकेत, कधी लग्नालाही नेतो. पैसे ज्याला जेवढे जमतील तेवढे. मी त्याआधी तेरा वर्षं रिक्षा चालवली. पुण्याचा रिक्षावाला आणि विचारल्याबरोबर "येतो" म्हणणारा, हे दोघं एकाच माणसात असू शकतात यावर आमच्या ट्रस्टींचा पहिले सहा महिने विश्वास नव्हता.

सांगायचा दिवस आहे १७ सप्टेंबर २०२४. मंगळवार, अनंत चतुर्दशी.

सदाशिव पेठेत पेरूगेटाच्या आतल्या गल्लीतल्या एका वाड्यात आमच्या एक आजी राहतात. साखरेमुळे डावा पाय गुडघ्याखाली गेला, नंतर किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी बाराच्या पाळीला एरंडवण्यात डायलिसिस. एका वेळी चार तास. उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून होतो. पण योजना सुरू होते ती दवाखान्याच्या दारापासून. वाड्याच्या उंबऱ्यापासून त्या दारापर्यंतचं अंतर आजींचं आजींनाच काढावं लागतं, आणि आठवड्याला सहा खेपा म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस होतात. रिक्षात बसायचं तर आजींना उचलून ठेवावं लागतं, खुर्ची घडी करून मांडीवर. पहिल्या वर्षी त्या तशाच जायच्या. एकदा उचलणाऱ्याने नेमका फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून शीर जोडलेला, हात धरून ओढला. ज्या हातात डायलिसिसची सुई टोचतात त्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टासुद्धा बांधत नाहीत, तिथे त्याने आजींचं सगळं वजन टाकलं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या.

आता मंगळवारचं महत्त्व सांगतो, कारण ते मलाही दोन वर्षं कळलं नव्हतं. मंगळ-गुरु-शनिवाल्यांना एरवी दोन डायलिसिसमध्ये दोन दिवसांचं अंतर पडतं. शनिवार ते मंगळवार मात्र तीन दिवसांचं. किडनी काम करत नसली की पाणी साठतं, पोटॅशियम साठतं, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचा ठोकाच बिघडतो. म्हणून सेंटरच्या सिस्टर म्हणतात, गुरुवार हुकला तर मला फोन करा, मंगळवार हुकवूच नका. आणि त्या वर्षी मंगळवारीच विसर्जन आलं होतं.

जुलैतच आम्ही एका कार्यालयात अर्ज टाकला होता की मिरवणुकीच्या दिवशी गाडीला आत-बाहेर करायचा पास द्या. बऱ्याच खेपांनंतर उत्तर आलं: रुग्णवाहिका असल्यास वेगळ्या पासची आवश्यकता नाही. आम्ही रुग्णवाहिका नाही हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

पेठेतल्या आमच्या आणखी दोन पेशंटनी त्या दिवसापुरती पहाटेची पाळी मागून घेतली. रस्ते बंद व्हायच्या आत मी त्यांना बाहेर काढलं. आजी ऐकेनात. "उत्तरपूजा झाल्याशिवाय मी घराबाहेर पडणार नाही. बाप्पा पाहुणा आहे. पाहुणा घरात असताना घरचं माणूस निघून जातं का?" ऑफिसातल्या ताईंनी फोनवर अर्धा तास घातला. शेवटी ताईच म्हणाल्या, "दादा, तुम्हीच काय ते बघा."

मी बघितलं ते असं. आजींचं घर एका बाजूला कुमठेकर रस्ता आणि दुसऱ्या बाजूला टिळक रस्ता यांच्या मधे. दोन्ही मिरवणुकीचे. गाडी आत नेली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत आतच. तेव्हा गाडी टिळक रस्त्याच्या पलीकडे लोकमान्यनगरात लावायची, मी आणि आमच्या मदतनिसाने चालत आत जायचं, आणि खुर्ची ढकलत टिळक रस्ता ओलांडून आजींना गाडीपर्यंत आणायचं. पुढे शास्त्री रस्ता, सेनादत्त चौकी, म्हात्रे पूल की एरंडवणं. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

पावणेअकराला वाड्यात पोचलो. आमचा मदतनीस पोरगा बावीस वर्षांचा, दर वर्षी पथकात ढोल वाजवणारा. त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून सुट्टी घेतलेला, त्यामुळे तोंड पाडून. उत्तरपूजा झाली होती. आजोबा चौऱ्याऐंशीचे. मूर्ती जागची हलवून, दहीपोहे आणि केळ्यांचा नैवेद्य दाखवून ते बसले होते. दोन पायऱ्या आणि उंबरा मागे रेलून उतरवायचा म्हणजे खुर्ची उलटी घ्यायची, मोठी चाकं आधी. ते रोजचंच. खरी मजा गल्लीत. पेव्हर ब्लॉक उखडलेले, त्यात मांडवाचे खड्डे, त्यात गटाराच्या जाळ्या. पुढची छोटी चाकं जाळीत अडकली की माणूस पुढे फेकला जातो, म्हणून जवळपास सगळी गल्ली खुर्ची मागच्या चाकांवर तोलूनच नेली.

टिळक रस्त्याला बांबू आणि दोर. एक हवालदार उभा. म्हणाला, "पास?"

मी सांगितलं, डायलिसिसची पेशंट आहे.

"मग अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा ना. १०८ ला फोन लावा, लगेच येते."

१०८ अपघाताला येते, हार्ट अ‍ॅटॅकला येते, बाळंतपणाला येते. चालत्याबोलत्या म्हातारीला ठरल्या वेळी डायलिसिसला न्यायला ती येत नाही, येऊही नये. पण हे समजावायला ती जागा नव्हती, मागे ताशा सुरू होता. मी नुसतं आजींच्या हाताला बांधलेलं फडकं वर करून फिस्टुला दाखवला. दोरीसारखी फुगलेली शीर असते ती, बघवत नाही. हवालदाराने दोर वर उचलला आणि म्हणाला, "आजी, पाय सांभाळा."

"एकच आहे, तो सांभाळलाय," आजी म्हणाल्या.

दोन पथकांच्या मधे चाळीसेक पावलांची फट होती, त्यातून आम्ही रस्ता ओलांडला. मधोमध आल्यावर आजींनी हात वर करून थांबायला सांगितलं. गेली चार वर्षं त्यांनी मिरवणूक पाहिली नव्हती, राहायला दोनशे पावलांवर असून. मी थांबलो. मागचं पथक जवळ येत होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चल. मला नुसत्या कमरा दिसतायत सगळ्यांच्या." खुर्चीत बसलेल्या माणसाला गर्दी कशी दिसते, हे इतकी वर्षं खुर्च्या ढकलूनही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पोरग्याने पुढचा मागचा विचार न करता खुर्चीचे पुढचे दांडे धरून दुभाजकाच्या कडेवर चाकं चढवली. वीतभर उंची मिळाली असेल. अर्ध्या मिनिटाने मीच ओरडून उतरवायला लावली.

गाडीत पट्टे लावताना त्यांनी फिस्टुलावर माझी दोन बोटं ठेवायला लावली. आत सतत घरघर असते, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. "माझ्या हातात रोजच ताशा वाजतो," म्हणाल्या. मग म्हात्रे पुलावर, अगदी सहज स्वरात: "अरे दादा, सिस्टरना बोलू नकोस. दहा दिवस रोज चिमूटभर खिरापत खाल्ली. आणि काल एक केळं."

केळं आणि खोबरं. डायलिसिसच्या माणसाला पहिल्या दिवशी जे बंद करतात त्यातली दोन नावं. दोन्हींत पोटॅशियम. आपल्याकडे देवाचा प्रसाद म्हणून जे जे हातावर ठेवतात, त्यातलं बरंचसं यांच्या मनाई यादीत आहे, आणि प्रसादाला नाही म्हणायची सवय आपल्याला कोणीच लावलेली नाही.

मी सिस्टरना सांगितलं. माझ्यावर विश्वास टाकून आजी बोलल्या होत्या हे खरं, पण गाडी चालवणाऱ्यानं पोटात ठेवायच्या गोष्टी वेगळ्या असतात. वजन खुर्चीसकट केलं, खुर्चीचं वजा केलं: शनिवारपेक्षा साडेतीन किलो जास्त, ते सगळं पाणी. रक्त पाठवलं, ईसीजी काढला. पोटॅशियम सहाच्या वर होतं. डॉक्टरांनी मशीन लगेच लावायला सांगितलं. हा मंगळवार हुकला असता तर, हे वाक्य तिथे कोणी पूर्ण केलं नाही. आजी माझ्याशी चार तास बोलल्या नाहीत.

आणि आता माझी चूक.

डायलिसिसची सुरुवात ठरलेल्या वेळी होते, शेवट होत नाही. सुया काढल्यावर रक्त थांबायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी चाळीस. उठून बसवलं की प्रेशर पडतं, मग परत आडवं करायचं. त्या दिवशी आजींचं नव्वदवर आलं. निघायला सव्वासहा झाले. लोकमान्यनगरात गाडी लावली आणि पोरग्याला टिळक रस्ता बघायला पाठवलं. तो परत आला ते मान हलवतच. सकाळची चाळीस पावलांची फट कुठेच नव्हती. मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, स्पीकरच्या भिंती, आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपार उलटेपर्यंत चालणार. चक्कर येणाऱ्या माणसाला त्यातून ढकलत न्यायचं? खुर्ची उलटली तर वर माणसं पडतील.

सगळ्या नियोजनात मी आजींना घराबाहेर कसं काढायचं एवढंच ठरवलं होतं. घरी कसं न्यायचं हा विचारच केला नव्हता. पुण्यात जन्म गेलेला माणूस मी, संध्याकाळी टिळक रस्ता कसा असतो हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण आमच्या धंद्यात हीच खोड आहे. घरचे लोक फोन करतात ते "दहा वाजता पोचवा" म्हणून. परत किती वाजता, असं विचारलं की म्हणतात, होईल काहीतरी. दवाखान्यांच्या लॉबीत दुपारी जी म्हातारी माणसं फाइल मांडीवर घेऊन बसलेली दिसतात, त्यातल्या निम्म्यांचं सगळं झालेलं असतं. ती त्या 'काहीतरी'ची वाट बघत असतात. त्या संध्याकाळी ती वाट मी स्वतः तयार केली होती.

आजोबांना फोन लागत होता, पण त्या आवाजात त्यांना घंटी ऐकू येत नव्हती. आजींचं रात्रीचं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये. गाडीत कोणी काही बोलेना. मग पोरगाच म्हणाला, "काका, मी जातो. गर्दीतून कसं घुसायचं ते माझ्यावर सोडा." बर्फाच्या पाण्याची थर्मासची बाटली घेऊन तो गेला. एरवीच्या एवढ्याशा वाटेला, जाऊन येऊन, त्याला दीड तास लागला. मला वाटतं त्यातली दहा मिनिटं त्याने आपल्या पथकापाशी घालवली असावीत. मी विचारलं नाही, पण कपाळावर गुलाल होता.

दरम्यान ऑफिसातल्या ताईंनी ऑफिस उघडलं. तळमजल्यावर आमची उसन्या वस्तूंची खोली आहे: वॉकर, कमोडच्या खुर्च्या, वर-खाली होणारे दोन पलंग. त्यातला एक झाडून पुसून ताईंनी स्वतःच्या घरची चादर घातली. बिनमिठाची मुगाची खिचडी आणली आणि रात्री तिथेच थांबल्या. आजींनी खोलीवर नजर फिरवली आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या: "बाहेरगावी आल्यासारखं वाटतंय. कोकणात लॉज असतं ना, तसं."

पोरग्याने इन्सुलिनबरोबर आजोबांची चिठ्ठी आणली होती. मोडीच वाटावं असं कंप पावणारं अक्षर. "काळजी नसावी. कुकर लावला आहे. बाप्पांना समोरच्या मुलांनी हौदावर नेले. दार आतून लावले आहे, उद्या जोरात वाजवावे." आजींनी ती दोनदा वाचली आणि उशीखाली ठेवली.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला रस्ते मोकळे झाले. टिळक रस्त्यावर चपलांचे ढीग, पाण्याच्या बाटल्या, सगळीकडे गुलाल. खुर्चीच्या चाकांचे लाल पट्टे वाड्याच्या चौकापर्यंत उमटले. दार जोरात वाजवलं. आजोबांनी उघडलं, आधी आजींच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. काही बोलले नाहीत. आत गेले आणि ताटलीत झाकून ठेवलेलं एक केळं घेऊन आले. कालच्या नैवेद्यातलं, साल काळी पडलेलं. आजींच्या वाटणीचं म्हणून राखलेलं.

आजींनी ते हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"घे," म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा चुगली करशील."

गाडी पेरूगेटाशी लावली होती. तिथपर्यंत चालताना खाल्लं मी ते.