वाघ नसलेलं जंगल

नागपूरहून दादाचा फोन आला की प्रश्न ठरलेला. "जंगलात गेली होती म्हणे? काय दिसलं मग?" काही नाही, म्हटलं की त्याला पटत नाही. त्याचंही बरोबर आहे. पेंचहून वाघ न पाहता परतलेल्या माणसाचं आपल्याकडे सांत्वन करावं लागतं.

मी राहते हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत. फिनलंडची सत्तर टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातून पायी जायला, बेऱ्या-मशरूम वेचायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणाच्या अंगणात तेवढं शिरायचं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही नूक्सिओच्या जंगलात ब्लूबेरी वेचायला जातो. झुडूप गुडघ्याच्याही खाली, त्यामुळे कंबरेची पार वाट लागते. पानं बाजूला सारली की खाली निळी-काळी फळं. बोटं जांभळी होतात, कानाशी डास भुणभुणतात (डासांच्या बाबतीत नागपूरची आठवण येऊ देत नाहीत हे लोक). पण तासाभरात ऑफिसातली कटकट डोक्यातून कधी गेली ते कळतही नाही.

अमेरिकेतल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये याचं कारण मांडलं. नेटाने लक्ष देऊन देऊन मन थकतं. पानं, पाणी, ढग यांच्यात ते आपसूक रमतं, जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्यात थकवा उतरतो. मला हे वाचल्यावर सफारीच आठवली. चितळाचा कॉल आला, म्हणजे वाघ जवळपास आहे, जिप्सी पळव, कॅमेरा काढ, पुढची गाडी आडवी आली. मजा येते, वाद नाही. पण तिथे डोळ्यांना सुट्टी कुठे?

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगत होते. ती मिनिटं एकदम घालवा की थोडी थोडी, फरक दिसला नाही.

म्हणजे पेंच गाठायलाच पाहिजे असं नाही. नागपुरातच सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरी आहे. दादाला म्हटलं, मे महिन्यात सातच्या आत जा, नंतर ऊन टिकू देत नाही; आणि मोबाईल गाडीच्या डिक्कीत ठेव. तो म्हणाला, "अन् फोटो?"