झ्विफ्टवरची पहिली रेस: सुरुवातीची तीन मिनिटं
झ्विफ्ट म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवून ऑनलाइन रेस करायचं ॲप. त्याच्या रेसमध्ये नवखा मागे पडतो तो बहुधा चढावर नाही, सुरुवातीलाच. काउंटडाउनची शेवटची १० सेकंद उरली की पेडल जोरात फिरत असलं पाहिजे, कारण शून्याला अख्खा घोळका उसळतो. पहिली २-३ मिनिटं जीव काढतात. तेवढा तग धरला की वेग जरा स्थिरावतो. घोळका सुटला तर मात्र पुढच्याच्या आडोशाला वाचणारे वॅट (पेडलवर लागणाऱ्या ताकदीचं माप) जातात, आणि एकट्याने तो वेग राखणं जवळपास अशक्य. म्हणून आधी १५-२० मिनिटं वॉर्मअप, त्यात दोन-तीन छोटे, जोरकस स्प्रिंट. थंड पायांनी उतरू नका.

वजन खरं टाका. इथे बराचसा हिशेब वॅट भागिले किलोचा: ७० किलोच्या माणसाने २१० वॅट लावले तर किलोमागे ३ वॅट. पाच किलो कमी लिहिणं ही सरळसरळ लबाडी.

झ्विफ्टला ट्रेनर (सायकल ज्यावर बसवतो ते यंत्र) सापडत नसेल तर बऱ्याचदा मोबाइलवरच्या दुसऱ्या ॲपने ब्लूटूथ अडवून ठेवलेलं असतं. ते बंद करा. व्हील-ऑन ट्रेनर (ज्याच्या रोलरवर मागचं चाक टेकतं तो) असेल तर टायरची हवा दर वेळी सारखी ठेवा आणि १० मिनिटं चालवून मगच कॅलिब्रेशन (आकड्यांची जुळणी) करा. टायर तापला की आकडे बदलतात.

पंखा मोठा, पेडेस्टल, थेट छातीवर. मुंबईच्या दमट हवेत त्याशिवाय हार्ट रेट उगाचच चढतो. आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, तेही बघा. वीज गेली की रेस गेली.