आमच्या ऑफिसातली पॅरालीगल

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वकिली ऑफिसात दोन ज्युनिअर आणि जुने मुन्शीकाका होतेच. तरी कामं तुंबायची, म्हणून बी.कॉम. झालेली एक मुलगी पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेली पण वकिलाच्या कामात मदत करणारी, म्हणून घेतली. पहिले दोन महिने तिच्याकडून काय करून घेतलं? झेरॉक्स, कोर्ट फीची तिकिटं आणि बोर्ड (कोर्टाची त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून डायरीत तारखा. म्हणजे काकांचंच काम दोघांत वाटलं. काका रुसले ते वेगळंच.

मग चेक बाऊन्सचं एक प्रकरण आलं. त्याचं कलम 138 (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं) म्हणजे सगळा दिवसांचा हिशोब. चेक परतल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते सरले की महिन्याभरात तक्रार. इतवारीतल्या अशिलाने थैलीभर कागद टेबलावर ओतले. मी निघालो होतो हायकोर्टात, दोन्ही ज्युनिअर जिल्हा न्यायालयात. "तू बघ जरा," एवढंच तिला म्हणालो.

संध्याकाळी एका पानावर घटनाक्रम तयार. चेकच्या परतीच्या मेमोवरची तारीख आणि तो टपालाने अशिलाच्या हाती पडल्याची तारीख, दोन्हींना पेन्सिलीने गोल. मेमोवरच्या तारखेने मोजलं तर मुदत गेलेली, हाती पडल्याच्या तारखेने चार दिवस शिल्लक! मुदत कळल्यापासून धरतात. टपालाच्या शिक्क्याचं पाकीट तिने अशिलाला फेकू दिलं नव्हतं. नोटीस मी दुसऱ्याच दिवशी काढली.

तेव्हापासून नवीन अशील आधी तिच्यापाशी बसतो. कागद लावणं, घटनाक्रम, काय कमी आहे त्याची यादी, सगळं तिचं. मसुदा ज्युनिअरचा, सही माझी. हे जमायला मला आधी तीन जुन्या फायली नमुना म्हणून काढून द्याव्या लागल्या. नुसतं "नीट लाव" म्हणून कोणालाच काही समजत नाही.

एकदा मात्र गडबड झाली. "ताई, जिंकू ना आपण?" असं एकाने विचारलं आणि ती "हो" म्हणून बसली. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे वकिली करायची ती नोंदणी झालेल्या वकिलानेच, आणि निकालाबद्दल अशिलाला सांगणं हे वकिलाचं काम. चूक तिची कमी, माझी जास्त. हद्द कुठली ते मी सांगितलंच नव्हतं. आता ती म्हणते, "सरांना विचारून सांगते."

पगार वाढवला. काकांचा रुसवाही निवळला. फायलिंगचे ऑब्जेक्शन, म्हणजे दाखल कागदांत कोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या त्रुटी, कसे दूर करायचे, ते तिला काउंटरवर नेऊन शिकवताहेत.